वेल्श लोकांनी आपली भाषा खरंच स्वतःहून सोडली का?

मागच्या गणपतीत इंग्लंडच्या शेजारच्या वेल्समध्ये, राजधानी कार्डिफला, एका ओळखीच्या घरी जेवायला जमलो होतो, पंधरावीस मराठी माणसं, आणि वरणभात वाढून होईपर्यंत विषय मुलांच्या शाळांवर आला. माझी मुलगी वेल्श माध्यमाच्या प्राथमिक शाळेत जाते हे कळल्यावर एक काका, तीसेक वर्षं इथे काढलेले, अगदी मनापासून काळजीने म्हणाले, "अगं, खुद्द वेल्श लोकांनीच जी भाषा टाकून दिली ती तू पोरीला कशाला शिकवतेयस?" मग जी चर्चा पेटली ती आरतीपर्यंत थांबली नाही. एक बाजू म्हणत होती इंग्रजांनी भाषा मारली, दुसरी म्हणत होती कोणी मारली वगैरे नाही, लोकांना इंग्रजीत फायदा दिसला, त्यांनी ती घेतली, आता सरकार उगाच पैसे ओततंय. हाच वाद इथली वेल्श माणसंही आपापसात घालतात, पबमध्ये घालतात, निवडणुकीत घालतात, आणि तितक्याच वाईट पद्धतीने घालतात. माझं म्हणणं पहिल्यांदाच सांगून टाकते. ‘लोकांनीच सोडली’ हे बऱ्याच अंशी खरं आहे, पण त्यावरून ‘म्हणून आता गप्प बसा’ असं निघत नाही, कारण माणूस निवड करतो तेव्हा समोर पर्याय कोणी मांडले आणि कुठल्या पर्यायाची किंमत किती हे कोणी ठरवलं, हे विचारल्याशिवाय त्या निवडीला ‘मर्जी’ म्हणता येत नाही.

आधी काकांच्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करू. घरात, बाजारात, शेतात वेल्श बोलायला बंदी करणारा कायदा कधीच झाला नाही. ‘वेल्श नॉट’ची गोष्ट इथे प्रत्येकाला माहीत असते. हाताच्या पंजात मावेल एवढा लाकडाचा तुकडा, त्यावर डब्ल्यू आणि एन ही दोन अक्षरं कोरलेली, वर दोरी ओवायला भोक. शाळेत जो पोरगा वेल्शमध्ये बोलताना सापडेल त्याच्या गळ्यात तो अडकवायचा, त्याने मग दुसरा कोणी वेल्श बोलताना पकडून त्याच्या गळ्यात टाकायचा, आणि दिवस संपताना ज्याच्या गळ्यात असेल त्याला मार. म्हणजे मास्तर नुसता बसून राहायचा, पाळत मुलंच एकमेकांवर ठेवायची. हे वाचून रक्त तापतं आणि तापायलाच पाहिजे, पण हा तुकडा लंडनच्या कुठल्या सरकारी हुकमाने आलेला नव्हता. तो वापरणारे मास्तर बहुतेक वेल्शच होते, आणि पोराला इंग्रजी आलं पाहिजे म्हणून आईबापही बऱ्याचदा त्याला राजी होते. १८४६ ला वेल्समधल्या शिक्षणाची चौकशी करा अशी मागणी पार्लमेंटमध्ये ज्याने केली तो खासदार विल्यम विल्यम्सही जन्माने वेल्शच, फक्त निवडून आलेला इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीतून.

दुसरा मुद्दा त्याहून अवघड आहे. कारखानदारीने वेल्श भाषा बुडवली असं आपण सहज म्हणून टाकतो, पण आकडे काय सांगतात? आयर्लंडमध्ये दुष्काळ पडला तेव्हा आयरिश बोलणारी माणसं बोटी भरभरून अमेरिकेला गेली आणि भाषा त्यांच्याबरोबर गेली. वेल्समधला गरीब शेतकरी मात्र घर सोडून ऱ्होंद्दाच्या कोळशाच्या खाणीत गेला, म्हणजे देशातच राहिला, आणि सोबत आपलं चॅपल, म्हणजे सरकारी चर्चपासून वेगळं प्रार्थनाघर, आपली गाण्याची मंडळी, आपली वर्तमानपत्रं घेऊन गेला. १९११ च्या जनगणनेत वेल्श बोलणारे ९ लाख ७७ हजार निघाले, त्याआधी किंवा नंतर कुठल्याच जनगणनेत इतके मोजले गेले नाहीत. त्यातल्या जवळपास १ लाख ९० हजार लोकांना इंग्रजी येतच नव्हतं. पण खाणींवर इंग्लंडमधूनही लोंढे आले, त्यामुळे टक्का १९०१ लाच निम्म्याच्या किंचित खाली घसरला होता. म्हणजे कोळशाने भाषा आधी तारली आणि मग बुडवली, आणि यात कुणा एका माणसाचं कारस्थान नव्हतं.

तिसरा मुद्दा राजकारणाचा. १९७९ मध्ये वेल्सला स्वतःची विधानसभा हवी का असं विचारलं तेव्हा फक्त २०.३ टक्के लोकांनी हो म्हटलं, म्हणजे पाचातल्या चारांनी नको म्हटलं. हे मतदान दडपशाहीत झालं नव्हतं. १९९७ मध्ये पुन्हा विचारलं तेव्हा होकार जिंकला तो ६,७२१ मतांनी, एवढ्या मतांनी आपल्याकडे नगरपालिकेची निवडणूक हरतात-जिंकतात. तेव्हा ‘वेल्श जनता शतकानुशतकं एकमुखाने स्वातंत्र्यासाठी तळमळत होती’ हे चित्र मला तरी खरं वाटत नाही, आणि जे असं रंगवतात ते स्वतःच्याच बाजूचं नुकसान करतात.

एवढं सगळं मान्य केल्यावरही माझं मत बदलत नाही. का, ते सांगते.

१५३६ च्या कायद्याने इंग्लंडने वेल्सला आपल्यात कायमचं जोडून घेतलं आणि त्यात एक कलम घातलं की कोर्टाचं कामकाज इंग्रजीतच चालेल आणि वेल्श वापरणाऱ्या माणसाला इंग्रजी येत नसेल तर सरकारी पद मिळणार नाही. बोलायला बंदी नाही, बरोबर. पण विचार करा, गावातल्या माणसावर चोरीचा आळ आलाय, तो कोर्टात उभा आहे, न्यायाधीश, वकील, ज्यूरीला दिलेल्या सूचना सगळं त्याला न कळणाऱ्या भाषेत चाललंय, आणि त्याच्या फाशीचा निकाल लागतोय. १९४२ चा कायदा येईपर्यंत कोर्टात वेल्श बोलण्याचा धड हक्कही नव्हता, तोही लाखो सह्यांचा अर्ज गेल्यावर मिळाला. चारशे वर्षं! चारशे वर्षं ज्या भाषेत न्याय मिळत नाही, नोकरी मिळत नाही, सरकारी कागद मिळत नाही, ती भाषा बाप पोराला देताना हात आखडता घेणारच. वर्गात इंग्रजी बोललं नाही तर मार आणि वर्गाबाहेर इंग्रजी आलं नाही तर बढती नाही, असं असताना आईबाप ‘राजी’ होते म्हणणं म्हणजे सावकाराच्या कागदावर कुळाने अंगठा उठवला म्हणून कुळ राजी होतं म्हणण्यासारखं आहे. अंगठा त्याचाच असतो, कागद त्याचा नसतो.

एक खटला मी नेहमी सांगते कारण तो फार कमी लोकांना माहीत असतो. १७६६ मध्ये अँगल्सी बेटावरच्या त्रेवद्राइथ गावच्या चर्चमध्ये डॉ. टॉमस बोल्स नावाच्या सत्तरीच्या आसपासच्या इंग्रज धर्मगुरूंची नेमणूक झाली. पॅरिशमध्ये साधारण पाचशे माणसं, त्यातल्या पाच जणांना इंग्रजी कळत होतं. बोल्सना वेल्शचा शब्द येत नव्हता. म्हणजे मरणाऱ्याच्या उशाशी बसून प्रार्थना म्हणायची तीसुद्धा त्याला न कळणाऱ्या भाषेत. गावकऱ्यांनी खटला भरला, पैसे गोळा केले, वर्षानुवर्षं लढले. बोल्सच्या वकिलाने कोर्टात काय मांडलं? वेल्स हा जिंकलेला देश आहे, तिथे इंग्रजी रुजवणं योग्यच आहे. १७७३ ला निकाल लागला की वेल्श येत नसलेल्या माणसाला तिथे नेमायला नको होतं, पण आता नेमलाय तर काढता येणार नाही. बोल्स मरेपर्यंत त्या जागेवर राहिले. यात गावकऱ्यांनी कधी आणि काय ‘निवडलं’ ते मला काकांनी सांगावं.

आणि मग १८४७. ज्या चौकशीची मागणी झाली होती तिच्यासाठी तीन कमिशनर आले, तिघेही इंग्रज, तिघेही सरकारी चर्चवाले, तिघांनाही वेल्श येत नाही. आणि जिथे गेले तो मुलूख वेल्श बोलणारा, त्यातही चर्चबाहेरच्या चॅपलांमध्ये जाणारा. वेल्शच बोलणाऱ्या पोरांना इंग्रजीतून प्रश्न विचारायचे, उत्तर आलं नाही की पोरगं अडाणी असं लिहायचं. शाळांची अवस्था खरंच वाईट होती, ते त्यांनी खोटं लिहिलं नव्हतं. पण अहवालात त्यांनी पुढे जाऊन ठरवलं की वेल्श भाषा हीच या लोकांच्या नैतिक प्रगतीतला आणि व्यापारातला अडसर आहे, आणि इथल्या बायकांच्या चारित्र्यावरही शिंतोडे उडवले. अहवालाच्या खंडांना निळी कव्हरं होती म्हणून आजही वेल्समध्ये त्याला ‘निळ्या पुस्तकांचा दगा’ म्हणतात. आपल्याकडे मेकॉलेचा तो प्रसिद्ध शेरा १८३५ चा, म्हणजे मधे जेमतेम बारा वर्षं, आणि विचारसरणी तीच, की तुमच्या भाषेत शिकण्यासारखं काही नाही. यातली एक गोष्ट मला फार लागते. १८४१ मध्ये टॉमस जोन्स नावाचा वेल्श मिशनरी आपल्या चेरापुंजीला पोचला आणि त्याने खासी भाषा रोमन लिपीत लिहायला घेतली, खासीच्या स्पेलिंगमध्ये आजही वेल्श वळणं दिसतात. म्हणजे वेल्श माणूस हजारो मैलांवर जाऊन दुसऱ्याच्या भाषेला अक्षरं देत होता आणि सहाच वर्षांनी त्याच्या स्वतःच्या भाषेला सरकार अडसर म्हणत होतं.

त्या अहवालाने लोक चिडले, पण चिडण्याबरोबर शरमलेही, आणि हा परिणाम कुठल्याही कायद्यापेक्षा खोल गेला. आम्ही असंस्कृत नाही हे दाखवायला चांगलं इंग्रजी बोलायला लागलं. १८७० च्या कायद्याने सरकारी शाळा गावोगाव झाल्या तेव्हा त्यात वेल्शला जागाच नव्हती. मग कुठे लाकडाचा तुकडा लागतो? शाळाच तो तुकडा झाली.

आता ‘लोकांना आपल्या भाषेचं काही वाटत नव्हतं’ हे म्हणणं तपासून बघायचा एक सोपा मार्ग आहे. जिथे किंमत मोजावी लागत नव्हती, जिथे लोकांना खरोखर मोकळीक होती, तिथे त्यांनी काय केलं? लानदाउरोर गावच्या ग्रिफिथ जोन्स नावाच्या पाद्र्याने १७३१ च्या सुमारास फिरत्या शाळा सुरू केल्या. हिवाळ्यात शेतीची कामं थंडावली की तीन महिने एका गावात शाळा भरायची, चर्चमध्ये नाहीतर एखाद्या कोठारात, दिवसा पोरं आणि रात्री कामावरून आलेली मोठी माणसं, आणि शिकवणं वेल्शमधून, कारण जोन्सचं साधं म्हणणं होतं की माणूस स्वतःच्या भाषेत काही आठवड्यांत वाचायला शिकतो. १७६१ मध्ये तो वारला तोपर्यंत दीड लाखाहून जास्त माणसं या शाळांत वाचायला शिकली असा अंदाज आहे, आणि तेव्हा अख्ख्या वेल्सची लोकसंख्या पाच लाखांच्या आतबाहेर होती. त्या काळात युरोपात इतकी साक्षर गरीब माणसं फार थोड्या ठिकाणी होती. ती वाचत काय होती? १५८८ साली विल्यम मॉर्गनने वेल्शमध्ये आणलेलं बायबल. आणि हे बायबल व्हावं असा कायदा १५६३ मध्ये त्याच लंडनच्या पार्लमेंटने केला होता, ज्याने सत्तावीस वर्षांपूर्वी कोर्टाचं दार बंद केलं होतं. त्यांचा हेतू भाषा वाचवायचा नव्हता, प्रोटेस्टंट धर्म पसरवायचा होता, पण देवळाचं दार उघडं राहिलं आणि भाषा तिथून जगली. आपल्याकडे दरबारात फारसी चालायची तेव्हा मराठी कीर्तनात आणि अभंगात कशी धष्टपुष्ट राहिली ते आठवा, मग हे लगेच कळेल.

पुढच्या शतकातला तोच खाणकामगार रविवारी मुलाला चॅपलच्या शाळेत वेल्श वाचायला पाठवायचा, त्यासाठी खिशातून पैसे द्यायचा, आणि सोमवारी त्याच मुलाला इंग्रजी शाळेत पाठवायचा. काका म्हणतात त्याने भाषा टाकली. मला दिसतं की त्याला दोन्ही हवं होतं, आणि दोन्ही एकत्र मिळतील अशी शाळा त्याच्यासाठी कोणी बांधलीच नाही.

माझ्या मुलीच्या शाळेच्या गेटवर एक आजी रोज नातवाला न्यायला येतात, ऱ्होंद्दातल्या, सत्तरी ओलांडलेल्या. त्यांनी सांगितलं की त्यांची मामगी, म्हणजे दक्षिणेकडे आजीला म्हणतात तो शब्द, आणि आजोबा एकमेकांशी वेल्शच बोलायचे, पण पोरंबाळं खोलीत आली की वाक्याच्या मध्यावर इंग्रजीत वळायचे. आईला थोडं कळायचं, बोलता यायचं नाही. या आजींकडे आता पाचसात शब्द उरलेत, नातू पळत आला की त्याला ‘कुच’ देतात, म्हणजे कुशीत घेतात, ते एक. नातू वहीतलं वेल्श वाचून दाखवतो तेव्हा त्या नुसत्या बघत राहतात. त्या म्हणाल्या, "त्यांना वाटलं आमच्या भल्यासाठी करतायत. आणि कदाचित झालंही असेल भलं, मी शिकले, नोकरी केली. पण मला कोणी विचारलं नव्हतं." ‘मर्जी’च्या वादात हे कोणी बोलतच नाही, की भाषा सोडण्याचा निर्णय एक पिढी घेते आणि तो भोगते दुसरीच. आजोबांनी वेल्शही ठेवून इंग्रजी घेतली, ते दोन भाषांचे मालक झाले. नातीला मात्र एकच मिळाली. परत यायचा रस्ता तिला नव्हता, तो कोणीतरी पुन्हा बांधावा लागतो, आणि रस्ता बांधायला सार्वजनिक पैसा लागतो.

बरं, आधुनिक काळात तरी लोक मोकळे होते का? १९५२ मध्ये लानेल्लीजवळच्या लान्गेनेख गावात आयलीन आणि ट्रेवर बीझली या नवराबायकोला घरपट्टीचं बिल आलं, नुसत्या इंग्रजीत. तो खाणकामगार, ती शिक्षिका, लहान मुलं घरात. भागातले बहुसंख्य लोक वेल्श बोलणारे. त्यांनी एवढंच लिहिलं की बिल वेल्शमध्ये द्या, लगेच भरतो. कौन्सिलने नकार दिला. पुढची आठ वर्षं हे चाललं, सोळा वेळा कोर्टात उभे राहिले, बेलिफ पुन्हा पुन्हा येऊन सामान उचलून घेऊन गेले, पियानो गेला, लग्नातल्या भेटी गेल्या, सतरंज्यासुद्धा गेल्या, पोरं उघड्या फरशीवर खेळायची. १९६० मध्ये शेवटी दोन्ही भाषांतलं बिल आलं. एका कागदासाठी घर रिकामं झालं! १९६२ ला वेल्श लेखक सॉन्डर्स लुईस रेडिओवरच्या भाषणात म्हणाले की असंच चाललं तर एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला वेल्श जिवंत भाषा म्हणून संपेल, तेव्हा त्यांनी उदाहरण म्हणून याच जोडप्याकडे बोट दाखवलं, आणि त्यातूनच तरुण पोरांची भाषा चळवळ उभी राहिली. ती पोरं पुलावर बसली, इंग्रजी पाट्या रंगवल्या, तुरुंगात गेली. आज इथल्या रस्त्यावर दोन भाषांतली पाटी दिसते ती कुणाच्या मेहेरबानीने नाही.

आणि त्रवेरिन खोऱ्यातलं धरण. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहराला पाणी हवं होतं म्हणून १९५७ मध्ये पार्लमेंटमध्ये कायदा झाला, वेल्समधल्या कौन्सिलची परवानगी लागू नये अशा रस्त्याने. वेल्सच्या छत्तीस खासदारांपैकी एकानेही बाजूने मत दिलं नाही, तरी तो पास झाला. १९६५ ला कापेल केलिन गाव पाण्याखाली गेलं, शाळा, पोस्ट, चॅपल, दफनभूमी, बारा घरं. तिथली माणसं जवळजवळ सगळी वेल्श बोलणारी. लिव्हरपूलच्या कौन्सिलने माफी मागितली २००५ मध्ये. कोयनेच्या किंवा मुळशीच्या पाण्याखाली ज्यांची गावं गेली त्यांना यातलं काही वेगळं समजावून सांगायला नको. धरण लागतं हे खरं आहे. पण देशातला एकही प्रतिनिधी बाजूने नसताना त्यांचा नकार मोजलाच जात नसेल, तर त्या देशातल्या माणसाने आपल्या मुलाला कुठली भाषा द्यावी याचा हिशेब कसा लागतो, हेही बघायला हवं.

आता दुसऱ्या बाजूशी, म्हणजे ज्यांना माझंच म्हणणं पटतं असं वाटेल त्यांच्याशीही माझं भांडण आहे. वेल्श येत नाही तो खरा वेल्श नाही, असं काही लोक उघड म्हणतात, बरेच जण न बोलता वागण्यातून दाखवतात. २०२१ च्या जनगणनेत वेल्श बोलणारे ५ लाख ३८ हजार, म्हणजे १७.८ टक्के. आणि आपली ओळख फक्त ‘वेल्श’ अशी लिहिणारे ५५.२ टक्के. म्हणजे स्वतःला वेल्श म्हणणाऱ्यांतल्या बहुतेकांना ही भाषा येत नाही. यांना बाहेर काढून उरणारं राष्ट्र हे राष्ट्र कसलं? १९६६ मध्ये अॅबरवॅनला खाणीच्या मलब्याचा डोंगर शाळेवर कोसळून ११६ मुलं आणि २८ मोठी माणसं गेली, आणि नंतर उरलेले ढीग हलवायला पीडितांसाठी जमलेल्या निधीतूनच दीड लाख पौंड घेतले गेले, ते १९९७ मध्ये परत मिळाले. ती जखम इंग्रजीत सांगितली म्हणून कमी वेल्श होते का? ज्यांच्या आजोबांकडून भाषा सुटली त्यांना आता तीच भाषा येत नाही म्हणून हिणवणं म्हणजे त्या लाकडाच्या तुकड्यावरची अक्षरं बदलून तोच पुन्हा गळ्यात अडकवणं आहे. गेटवरच्या त्या आजींना मी कमी वेल्श म्हणू शकत नाही, माझी हिंमत होणार नाही.

मग राहिला आक्षेप की हे सगळं वरून लादलेलं आहे, सरकार घशात कोंबतंय. इतिहास उलटा आहे. ओ. एम. एडवर्ड्स नावाचा एक मुलगा लानिउख्लिन गावच्या शाळेत होता, वेल्शशिवाय काही येत नव्हतं, त्याच्या गळ्यात तो तुकडा रोज पडायचा. तो पुढे ऑक्सफर्डला शिकवायला लागला आणि १९०७ मध्ये वेल्समधल्या शाळांचा मुख्य इन्स्पेक्टर झाला. त्याच्या मुलाने, इवान अब ओवेन एडवर्ड्सने, १९३९ मध्ये अॅबरिस्टविथला पहिली वेल्श माध्यमाची प्राथमिक शाळा काढली, खाजगी, सात मुलांची. कौन्सिलची पहिली वेल्श शाळा १९४७ मध्ये लानेल्लीत झाली. पुढच्या शाळांसाठीही ठिकठिकाणी पालकांनी सह्या गोळा केल्या, मीटिंगा घेतल्या, कौन्सिलच्या मागे लागले, आणि त्यातल्या कित्येकांना स्वतःला वेल्श येत नव्हतं. वेल्श टीव्ही चॅनेलचंही तेच, सरकारने दिलेला शब्द फिरवला तेव्हा १९८० मध्ये ग्विनवोर एव्हान्स या म्हाताऱ्या नेत्याने आमरण उपोषण करीन म्हणून सांगितलं, मग सरकार वळलं आणि १९८२ ला चॅनेल सुरू झालं. वरून लादणं याला म्हणत नाहीत. आणि आपल्याकडे मराठी शाळा बंद पडतायत तेव्हा ‘पालकांनाच नको’ म्हणून हात झटकणाऱ्यांनी हेही बघावं, की पालकांना शाळा हवीशी वाटायला समोर कशी शाळा असावी लागते. पोराला इंग्रजीही पक्कं येईल याची खात्री इथल्या वेल्श शाळा देतात, म्हणून माझ्यासारखी मराठी आईसुद्धा तिथे पाठवते. खात्री दिली की निवड बदलते.

पण शाळा काढल्या की झालं, असं समजणाऱ्या माझ्याच बाजूच्या लोकांनी आयर्लंडकडे बघावं. तिथे १९२२ पासून स्वतःचं राज्य, शाळेत आयरिश सक्तीची, आणि तरी रोजच्या व्यवहारात आयरिश बोलणारी गावं आक्रसतच गेली. वेल्स सरकारने २०५० पर्यंत दहा लाख वेल्श बोलणारे करायचं ठरवलंय, चांगलंय, पण २०११ ते २०२१ मध्ये ५ ते १५ वयातल्या वेल्श बोलणाऱ्या मुलांचं प्रमाण ४०.३ वरून ३४.३ टक्क्यांवर आलं. ज्या वयावर सगळी मदार तिथेच गळती. ग्विनेदमध्ये अजून ६४.४ टक्के लोक बोलतात, आणि तिथे भाषा टिकलीय कारण मेकॅनिक, नर्स, चिप्सवाला, शेजारीण, सगळे त्याच भाषेत बोलतात. तिथल्या तरुणाला गावात घर परवडलं नाही तर तो कार्डिफला नाहीतर मँचेस्टरला जातो, आणि त्याचं रिकामं घर सुट्टीपुरतं येणारा कोणी घेतो. २०२३ पासून कौन्सिलना सुट्टीच्या घरांवर तिप्पट जादा टॅक्स लावायची मुभा मिळालीय, त्यावर आरडाओरड झाली की हा इंग्रजांवर सूड आहे. सूड कसला? जिथे माणसं राहतात तिथे भाषा राहते, त्यामुळे भाषेचा प्रश्न आता घराच्या भाड्याचा आणि नोकरीचा झालाय, आणि वाद घालायचा तर यावर घालायला हवा, की टॅक्सने घरं खरंच स्वस्त होतात का, मिळालेल्या पैशातून कौन्सिल घरं बांधते का, तरुणाला गावात काम आहे का. ग्विनेदच्याच किनाऱ्यावर अॅबरसॉख नावाचं गाव आहे. तिथली जवळपास निम्मी घरं सुट्टीची. तिथल्या वेल्श शाळेच्या पटावर शेवटी दहाच्या आतबाहेर मुलं उरली होती, आणि २०२१ च्या डिसेंबरात, नाताळच्या सुट्टीआधी, ती शाळा बंद झाली. शाळा बंद करू नका म्हणून गावातल्या पालकांनी अर्ज दिले होते. त्यांनी भाषा सोडली नव्हती.